जोडीदार

लाइफ जॅकेट परत करायला ती लेकीला कडेवर घेऊनच तलावावर आली. तळहातांवरचे घट्टे केव्हाच मऊ पडले होते. आता कुठली ड्रॅगन बोट आणि कुठली वल्ही! तिने जॅकेट कठड्यावर ठेवलं, तर लेकीने लगेच त्याचा पट्टा तोंडात घातला.

पाण्यात तिच्या संघाचा सुरक्षेचा सराव चालला होता. एकेका बाकावर दोघी बसलेली लांब बोट मुद्दाम उलटवायची आणि वर येताच आधी आपल्या बाकावरच्या जोडीदाराला धरून ओरडायचं, “आहे!” बाकी सगळं त्यानंतर.

बोट उलटली. डोकी वर आली. जोड्याजोड्यांनी “आहे! आहे!” सुरू झालं. तिच्या बाकावरची मैत्रीण मात्र एकटीच वर आली. तोंडातलं पाणी थुंकत तिने काठाकडे पाहिलं आणि हात उंचावून ती खच्चून ओरडली, “आहे!”

“अगं, कुठे आहे? तुझ्या शेजारची जागा कधीची रिकामी आहे!” सर वैतागले. “आता नवी मुलगी बसवतोय तिथे.”

“ती काय, काठावर! बाळंत झालीये सर, बुडाली नाहीये!”

काठावर तिने लेकीच्या तोंडातून पट्टा हळूच सोडवला, आणि जॅकेट उचलून पुन्हा स्वतःच्या खांद्यावर टाकलं.