डुकराची गोष्ट

"डुक्कर मोठं होतं की लहान, बाबा?"

नाझारेनोनं आरशातूनच विचारलं. राजकन्येचा पांढरा झगा त्याच्या अंगावर चढला होता, गालांवर रंग बसला होता. दारापाशी त्याचे वडील, सिल्वेरिओ, गावाहून आणलेली खारवलेली तंगडी पोटाशी धरून उभे होते. या अत्तराच्या खोलीत ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना.

"मोठं. रानातलं. किती वेळा सांगायचं?"

"मागच्या वेळी पाळीव होतं."

"वय झालं रे माझं."

पोपच्या रोममध्ये बायकांना रंगभूमीवर मज्जाव होता. राण्या, राजकन्या, देव्या, सगळ्या पुरुषच गात. पोराचा गळा गोड निघाला की आवाज फुटायच्या आत त्याला खच्ची करत. चर्चनं हे पाप ठरवलं होतं, आणि चर्चमधल्या गाण्याला हेच आवाज लागत. मग अशा पोराचं प्रत्येक घर एका अपघाताची गोष्ट तयार ठेवी. कोणी घोड्यावरून पडलेला, कोणाला हंसानं चोच मारलेली. सिल्वेरिओंच्या घरच्या गोष्टीत पोराला चावलेलं डुक्कर होतं. त्यांच्या डोंगरात डुकरं खच्ची करणारेच पोरंही खच्ची करत, आणि सिल्वेरिओंचा जन्म त्याच धंद्यात गेला होता.

नाझारेनोला आठवत होती फक्त अफूची गुंगी. सुरी कोणाच्या हातात होती, एवढंच त्याला बापाच्या तोंडून ऐकायचं होतं. सुरीचा राग केव्हाच विरला होता, डुकराचा विरत नव्हता. केलं कोणी तेच कोणी सांगत नसेल, तर माफ तरी कोणाला करायचं? वडील उद्या परत निघणार होते. पुन्हा एवढा प्रवास त्यांच्यानं होणार नव्हता.

"आज पुढे बसा," तो म्हणाला. "मधेच झोपू नका."

"मला गाण्यातलं काय कळतंय?"

"गोष्ट तर कळेल."

गोष्ट ग्रीकांची. लढाईला निघालेली गलबतं वारा पडल्यामुळे किनाऱ्याला अडकलेली. राजानं पोटच्या पोरीचा बळी दिला, तरच वारा सुटणार. सज्ज्यांमधले श्रीमंत नेहमीप्रमाणे पत्ते खेळत होते, सरबत पीत होते. वेदीपाशी राजानं आपलं तोंड झाकून घेतलं. राजकन्येनं गुडघे टेकले आणि ती गायली, की बाबा, तोंड झाकू नका, माझ्याकडे बघून करा. तेव्हा पत्ते थांबले.

राजानं सुरी उचलली. तेवढ्यात दोर करकरले, लाकडी ढग खाली आला, ढगातून शिकारीची देवी उतरली. राजकन्या अलगद बाजूला झाली आणि तिच्या जागी वेदीवर हरीण आलं. शेवट गोड झाल्याशिवाय रोमकर घरी जात नसत. त्यांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं.

सिल्वेरिओंनी टाळी वाजवली नाही. धापा टाकत ते जिना चढून आले आणि मिळेल त्या खुर्चीत बसले. नाझारेनो गालांवरचा रंग पुसत होता.

"कळली का गोष्ट?"

सिल्वेरिओंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"ती देवी उतरली ना, पोरा," ते म्हणाले, "तिथपर्यंत सगळं असंच झालं होतं."