काठीवरचा परग्रहवासी

ऐक ना येलित्सा, मध्ये बोलू नकोस! परग्रहवासीयांच्या हल्ल्याचा सिनेमा, त्यात माझा पहिलाच रोल. राक्षस नंतर कॉम्प्युटरवर काढणार, तोवर काठीला टेनिसचा चेंडू. चेंडूकडे बघून मी घाबरायचं, मग हिरोने मला जवळ घेऊन किस करायचं. आणि काठी कोणाच्या हातात? आपल्या स्विलेनच्या! त्याने सकाळीच नाश्त्याला चीजची बनित्सा खाता खाता लग्नाचं विचारलेलं, मी म्हटलं, "आधी शूटिंग होऊ दे." हिरो जवळ आला, चेंडू लटपटायला लागला. दिग्दर्शक ओरडला, "राक्षसाला ताप आलाय का? पुन्हा हलला तर काठीवाला घरी!" स्विलेन पुटपुटला, "तू चेंडूकडेच बघ, मी सांभाळतो." परत कॅमेरा सुरू. आता चेंडू एकदम स्थिर, पण स्विलेनने डोळे गच्च मिटलेले. मी हिरोला ढकलून ओरडले, "करते लग्न!" आम्हा दोघांनाही हाकललं. तू काय केलं असतंस?