भिंतीला कान

लेकीच्या शहरातलं जुनं कॅथेड्रल बघायला आम्ही सगळे गेलो होतो. गाइड म्हणाला, “घुमटाखालच्या या गोल भिंतीशी कुजबुजलं, की पार पलीकडे ऐकू येतं.” “काहीतरीच!” मी खेकसलो, पण मंडळी पलीकडे गेल्यावर भिंतीला कान लावलाच. कारखान्यात लेथ मशीनच्या खडखडाटात आयुष्य गेलेला फोरमन मी. कुजबुज कधी ऐकलीय कुणाची? आधी मुलाचा आवाज आला. “आई परत घरी जाणार नाही म्हणते. बाबांना तूच सांग.” “मी? अख्खं कॅथेड्रल डोक्यावर घेतील,” लेक म्हणाली. घेणारच होतो. तेवढ्यात बायको बोलली, अगदी कानाशी. “अहो, ऐकताय ना? मी लेकीकडेच राहणार. तुमच्या गोळ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवल्यात.” मी भिंतीला तोंड लावून म्हणालो, “अगं, ऐक ना.” इतकं हळू जन्मात बोललो नव्हतो. वळून पाहिलं, तर ती दाराकडे निघाली होती.