आंबेखोऱ्याचा वास

फोनमधून वास पोहोचू लागल्यापासून नुसते फोटो पाहून जमीन घेणारं कोणी उरलं नव्हतं. खेडोपाडीचे एजंट आपल्या जमिनींच्या जाहिराती रेवती कासुर्डेच्या वेबसाइटवर टाकत, आणि तिची माणसं जागेवर जाऊन तिथला वास टिपून आणत.

त्या दिवशी एजंट शशिकांत पोळ स्वतःच तिच्या ऑफिसात आला. "रेवतीताई, आंबेखोऱ्याच्या माझ्या प्लॉटांना अजून एकही फोन नाही. तो वास काढा हो. त्याजागी करवंदीच्या जाळीचा घाला."

रेवतीने त्याला ओळखलं होतं. त्याने तिला नाही. याच माणसाने आंबेखोऱ्याच्या ओढ्यात कारखान्याचे टँकर रिकामे करवले होते. विहिरी नासल्या, गुरं मेली, तेव्हा लोकांनी मिळेल त्या भावाने त्यालाच जमिनी विकल्या होत्या.

"हल्ली तिथे कधी गेला होतात?" तिने विचारलं.

"आता कशाला जायचं? कागद आहेत की."

तिने फोन त्याच्या तोंडापुढे धरला आणि वास पुरता सोडला. पोळ नाक दाबून उठला, पण दारापर्यंत पोहोचायच्या आतच भडाभडा ओकला.

"मी तिथल्या दामू ढेब्यांची मुलगी," ती म्हणाली. "वास राहणार."

तोंड पुसत तो खेकसला, "तुझ्या आईचं रान माझ्या प्लॉटांच्या मधोमध आहे. तिनेच तेवढं विकलं नाही. आता त्यालाही कुत्रं विचारणार नाही!"

"आईला विचारूनच लावलाय," रेवती म्हणाली, आणि तिने पंखा बंद केला.