कार्डावरचा पहिला चेहरा

नवसाबाईंनी कार्डावरच्या पहिल्या, हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. म्हणजे दुखणं शून्य. डॉक्टर चैतालीचा जीव भांड्यात पडला आणि तिने लगोलग वहीत शून्य लिहिलं.

कार्डावर सहा चेहरे होते. पहिला हसरा, शेवटचा ढसाढसा रडणारा. अक्कलदाढ काढताना बधिर करायला जुनं लिग्नोकेन बरं की नवं आर्टिकेन, हे प्रबंधासाठी पडताळायला चैताली नाशिकच्या एका डेंटल कॉलेजात दोन वर्षं पेशंटांना हे कार्ड दाखवत होती. साठ पेशंट हवे होते. नवसाबाई साठाव्या. कुणाला कुठलं इंजेक्शन हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरायचं; त्यांच्या पाकिटातून आर्टिकेन निघालं होतं, आणि तेच सरस ठरेल अशी चैतालीची अटकळ होती. त्याआधीचे दोन आर्टिकेनवाले नेमके रडक्या चेहऱ्यांवर बोट ठेवून गेले होते, आणि प्रबंध तर सोमवारी द्यायचा होता.

नवसाबाई सुरगाण्याहून पहिल्या जीपने आल्या होत्या. दाढ हाडात आडवी रुतलेली. इंजेक्शननंतर चैतालीने ओठ जड झाला का विचारलं, त्यांनी हो म्हणून मान हलवली. हिरडीला टोचून खात्री करायची असते, ते घाईत राहून गेलं. मग चीर, ड्रिल, टाके. बाईंनी हूं की चूं केलं नाही. पायाची बोटं तेवढी एकमेकांत घट्ट अडकवली होती. डोळ्यांतून पाणी आलं ते दिव्याच्या उजेडाने, असं चैतालीने आपलं ठरवून टाकलं. सोयीचं होतं ते.

तासाभराने ती गोळ्या समजावायला बाहेर आली. नवसाबाई बाकावर बसून बाटलीने पाणी पीत होत्या. थेंबही सांडत नव्हता.

चैतालीने त्यांच्या कोरड्या हनुवटीकडे पाहिलं. बधिर ओठ दोन-तीन तास ताब्यात नसतो, पाणी पिताना हनुवटी भिजतेच. हा ओठ बधिर झालाच नव्हता. अर्धा तास तिने या बाईचा जिवंत जबडा कोरला होता.

"मावशी, खरं सांगा. दुखत होतं?"

"दुखत व्हतं ना, बाय. लय."

"मग हसऱ्या चेहऱ्यावर बोट का ठेवलंत?"

नवसाबाईंना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तूच बोलली ना. हसरा मिळाला का तुझं काम झालं."

बोलली होती खरी. खुर्चीत बसवताना, हसत हसत, पेशंटची भीती जावी म्हणून. आणि एकट्या यांनाच नव्हे. आधीच्या किती जणांना, ते आता आठवेना. तिला लाजेने मान वर करवेना. इंजेक्शन कुणाचंही चुकतं. पण तिने हसऱ्या चेहऱ्याची भीक मागितली होती, आणि या बाईंनी वेदना गिळून ती घातली होती.

चैताली आत गेली. वहीतलं शून्य खोडलं आणि कार्ड घेऊन परत आली. बाकाशी उकिडवी बसली. चुकलं माझं, म्हणाली. माझ्या कामाचा विचार करू नका, तुम्हाला जेवढं दुखलं तेवढंच दाखवा. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

नवसाबाईंनी कार्ड मांडीवर घेतलं. चेहऱ्यांवरून बोट सावकाश शेवटपर्यंत नेलं. मग चैतालीच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोट उचलून घेतलं.

"रडू नको, बाय," त्या म्हणाल्या. "आता कंचा पायजेल तुला?"