शेवटचं बटण

बापूरावांनी दवाखान्यातून मिळालेली पाटी तिसऱ्यांदा खाटेखाली भिरकावली, तेव्हा रुखमाबाईंनी हात टेकले. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन नवऱ्याची जीभ गेली होती. डॉक्टरांनी कॅन्सर कापला, त्यासोबत बोलणंही गेलं. काय हवं ते पाटीवर लिहा, एवढंच सांगणं होतं, तर तेही नाही. पस्तीस वर्षं कोळसा खाणीत काढलेला माणूस, हेका कसला सोडतो!

शेवटी त्यांनी नागपूरला मुलीला, दिव्यानीला फोन केला. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला माजरीला घरी बोलावलं.

दिव्यानीनं प्रफुलशी, परजातीत, कोर्टात लग्न करायचं ठरवलं आणि घरी सांगितलं, तेव्हा बापूराव पेपर तोंडापुढं धरून बसले होते. पेपर खाली न करताच म्हणाले, या घरात पाय ठेवू नको. जिच्या दहा वर्षांच्या प्रगतिपुस्तकांवर कौतुकानं सह्या केल्या, त्या पोरीला असं म्हणाले. ती गेली ती गेलीच. बाप तशी लेक, दुसरं काय.

आता आली तेव्हा बापानं तिला हाकललं नाही. भिंतीकडे तोंड केलं, बस्स.

तिनं एक जुना लॅपटॉप आणला होता. त्यात प्रफुलनं ऑफिसच्या कामासाठी केलेला एक साधा प्रोग्राम होता. एक बटण दाबलं की ठरलेलं वाक्य आपोआप टाइप व्हायचं. तिनं त्यात घरची वाक्यं भरली. पाणी पाहिजे. दुखून राह्यलं. पंखा बंद कर. रुखमाबाईंनी एकेका बटणावर वेगवेगळ्या रंगाच्या टिकल्या चिकटवल्या. बिमार माणूस अक्षरं कुठी शोधत बसन, म्हणाल्या. वर नवऱ्याला दमही दिला, टिकली नाई त्या बटणाले हात लावाचा नाई, मशीन बिघडते.

म्हाताऱ्याला ते जमलं. बटण दाबलं की रुखमाबाई येऊन पडद्यावरचं वाचायच्या. पहिल्यांदा 'चहा कर' उमटलं आणि खरंच चहा आला, तेव्हा बाप हसला. दिव्यानी मोरीत जाऊन रडली.

मग ती दर पंधरा दिवसांनी सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळी परतायची आणि दर खेपेला प्रोग्रामला काहीतरी नवं जोडून जायची. बटण दाबलं की घंटी. कुठलं बटण दिवसभरात किती वेळा दाबलं, त्याची यादी संध्याकाळी तिच्या मोबाइलवर. बाबांना आज किती दुखलं ते तिला नागपुरात बसून कळायचं.

एक गोष्ट मात्र तिनं कुणाला न सांगता जोडली. रोज सकाळी सहाला, रुखमाबाई दूध आणायला गेल्या की, पडद्यावर आपोआप टाइप व्हायचं, 'बाबा, माझ्यावरचा राग गेला असेल तर वरच्या ओळीतलं शेवटचं बटण दाबा.' ते दाबलं की उमटणार होतं, 'दिव्या, राग गेला.' वीस मिनिटांनी सगळं पुसलं जायचं. त्या बटणावर तिनं टिकली लावली नाही. आईनं विचारलं असतं, आणि आईला मध्ये घालून मिळालेली माफी तिला नको होती. बापानं आपल्या हातानं द्यायला हवी होती. हट्ट म्हणजे काय!

संध्याकाळी यादी आली. पाणी नऊ, चहा तीन, दुखणं अकरा. शेवटचं बटण शून्य.

दुसऱ्या दिवशीही शून्य. महिनाभर शून्य.

तिला वाटलं, नजर कमी झाली असेल. तिनं अक्षरं मोठी केली. भरभर उमटत असतील म्हणून एकेक अक्षर सावकाश उमटेल असं केलं. शेवटी वर एक ओळ वाढवली, 'बाबा, चुकलं माझं.' ती लिहिताना तिला प्रफुलपुढं लाज वाटली. तरी लिहिली.

शून्य.

तीन महिन्यांनी तिचं मन विटलं. एवढं नाक घासूनही दगडाला पाझर फुटत नसेल तर जाऊन तोंड कशाला दाखवू, असं ती प्रफुलला म्हणाली आणि तिनं जाणं बंद केलं. रुखमाबाईंनी दोनदा फोन केला, तुह्या वाटेकडे डोळे लावून बसते हा माणूस, म्हणाल्या. आई आपल्याला बोलवायला काहीही सांगते, असं तिला वाटलं. सुट्टी नाही, म्हणाली. सुट्टी होती.

पौषात बापूराव गेले. तिला तोंड तेवढं पाहायला मिळालं. रडू आलं नाही, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालताना तिला राहवलं नाही. तिनं आईला सगळं सांगितलं, सकाळी सहाचं, शेवटच्या बटणाचं, शून्याचं.

"मरेपर्यंत राग सोडला नाई त्यायनं," ती म्हणाली. "रोज वाचलं, पण एक बटण दाबलं नाई."

रुखमाबाईंनी तिच्या हातातली पिशवी काढून खाली ठेवली.

"मी दूध घेऊन आली का माहा हात धरून त्या पडद्याजवळ ओढत नेत," त्या म्हणाल्या. "बोटानं दाखवत. तिथी तं काहीच नसे. मले वाटे, डोस्कं फिरलं. मी चहा ठेवो, तं रडत."

त्यांनी पदर तोंडाला लावला.

"तू शाळेत गेली तवाच त्यायनं मले शपथ घातली होती, पोरीले सांगू नको म्हणून. त्यायले वाचता कुठी येत होतं, माय."