डावीकडे वाकलेला दांडा

लिंडसेने गाडीत वाकून गिअरचा दांडा दोनदा हलवून पाहिला. मग टोपी मागे सरकवत म्हणाला, की हा उलट्या बाजूला वाकलाय. चालवणाऱ्यापासून लांब, शेजारच्या सीटकडे. शर्यतीआधी गाड्या तपासायला लागल्यापासून असलं काही त्याने पाहिलं नव्हतं.

"मीच वाकवलाय," टेगन म्हणाली. "गाडी डॅड चालवणार, गिअर मी टाकणार."

मागे रांगेत उभे असलेले दोघे हसले. एकाने विचारलं, मग ब्रेक दाबायला आईला कुठे बसवताय? टेगनचे वडील, मर्व्ह, उजव्या सीटवर समोर बघत बसले होते. कुणीतरी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा त्यांचा डावा हात मांडीवर पडला होता.

लिंडसेने नियमांची वही काढली. स्टिअरिंग चालकाच्याच हातात हवं, असं तिथे लिहिलं होतं. गिअर कुणाच्या हातात हवा, हे लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. रस्ता शेतातला, दोन्ही टोकांना बंद केलेला, आणि डॉक्टरची चिठ्ठी टेगनच्या खिशात. त्याने वही मिटली.

सात महिन्यांपूर्वी मर्व्हना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, हात नाही. जीभ जड झाली, शब्द बोबडे निघू लागले. दुकानातल्या मुलीने त्यांना तीनदा "काय म्हणालात?" विचारलं आणि त्या दिवसापासून त्यांनी बोलणंच टाकलं. डॉक्टर म्हणाले, जिभेला आता फारसं काही झालेलं नाही, माणूस रुसून बसलाय. हिरवी दोन सीटची गाडी, टेगनच्याही आधी घरात आलेली, तिची कागदपत्रं त्यांनी एक दिवस बायकोच्या पुढ्यात सरकवली. म्हणजे, विकून टाक. लॉन्सेस्टनचा माणूस शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, न्यायला येणार होता. टेगनने फक्त त्याआधीचा रविवार मागून घेतला.

आधी तिने गाड्यांच्या क्लबात सगळे करतात तेच केलं. जुना दांडा लापशीतल्या चमच्यासारखा डुलायचा. तो काढून तिने नवा, आखूड बसवला, खालचे झिजलेले रबर बदलले. आता हात चार बोटं हलला की गिअर पडेल, असं तिला वाटलं होतं. मर्व्हनी उजव्या हाताने डावा उचलून दांड्यावर ठेवला. बोटं मिटली नाहीत. शिवाय दांडा आखूड झाला तसा जडही झाला होता, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ते उतरले आणि घरात गेले.

टेगन तशीच डाव्या सीटवर बसून रडली. डोळे पुसायला गेली तेव्हा तिला दिसलं, की आपला उजवा हात मघापासून दांड्यावरच आहे.

दुसऱ्या दिवशी तिने लांब दांडा घेतला, तापवून डावीकडे वाकवला. मग सहा आठवडे सफरचंदांच्या बागेतल्या वाटेवर दोघांचा सराव. वडिलांचा डावा पाय क्लचवर गेला, की तिने गिअर टाकायचा. कोणता, ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचं. गिअर करकरला की ते दात उपटल्यासारखे डोळे मिटायचे. बोलायचे नाहीत.

या शर्यतीत वेगाला बक्षीस नसतं. टेकडी चढायला किती वेळ लागेल ते आधी लिहून द्यायचं, घड्याळं काढून ठेवायची. आपल्याच आकड्याच्या सगळ्यांत जवळ पोचेल तो जिंकला. मर्व्हनी उजव्या हाताने लिहिलं: दोन मिनिटं चौदा सेकंद. गेल्या वर्षी, दोन्ही हातांनी चालवून, त्यांना एवढाच वेळ लागला होता.

लिंडसे खिडकीशी वाकला. "म्हाताऱ्या, तीन मिनिटं लिही की. कोण काय म्हणणारेय?"

मर्व्हनी पेन्सिल त्याच्या हातात परत दिली.

निशाण पडलं. पहिला, दुसरा. टेगनने डोळे रस्त्यावरून काढून वडिलांच्या बुटावर ठेवले. बूट खाली, हात पुढे. बूट वर. वळणावर त्यांचा एकटा उजवा हात स्टिअरिंग असं फिरवत होता, जसं ते तिला लहानपणी आंघोळीनंतर टॉवेलात गुंडाळायचे, एकाच हाताने आणि पडू न देता. लोकर कातरण्याच्या शेडजवळ तिचा तळवा घामाने दांड्यावरून निसटला. तिने तो पुन्हा पकडला. मग चौथा, मग माथा, आणि समोर एकदम आभाळ.

दोघं खाली परतले तेव्हा फळ्यावर आकडा लिहून झाला होता. दोन मिनिटं पंधरा सेकंद.

दुपारपर्यंत बाकी सगळ्या गाड्या चढून उतरल्या. आपल्या आकड्याच्या चार सेकंदांच्या आत कुणीच आलं नाही. आईला ब्रेकवर बसवायची थट्टा करणारा माणूस चहाचे दोन कप घेऊन आला आणि गुडघे टेकून, दांडा नेमका किती वाकवलाय ते बोटांनी मोजू लागला. लिंडसेने बक्षिसाचा कप आणून गाडीच्या नाकावर ठेवला आणि भलतीकडे बघत राहिला. टेगनने वडिलांच्या गळ्यात हात टाकले.

मर्व्हनी फळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. भोवती सगळा क्लब उभा होता. एकेक शब्द बोबडा, पण लांबवर ऐकू जाईल असा बाहेर आला.

"शेडपाशी तिसरा उशिरा टाकलास. उद्या सकाळी सराव."